चक्कर कानाची, पट्टा मानेला

‘मानेचंच असणार.’ सकाळी अंथरुणातून उठताना घर गरगर फिरलं, असं कुणी सांगितलं की घरातल्या माणसांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हेच निदान असतं. मग मानेचा एक्स-रे निघतो, त्यावर ‘मणक्यांची झीज’ असा शेरा येतो आणि सगळ्यांचं समाधान होतं. गळ्याला पट्टा, उशी बंद, चक्करेची गोळी सकाळ-संध्याकाळ. काही आठवड्यांनी बरं वाटतं तेव्हा श्रेय पट्ट्याला जातं. सहा महिन्यांनी घर पुन्हा फिरलं की दोष वाकून केर काढण्याला, नाहीतर मोबाइलला.

हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता आडवळणं न घेता लिहिते. कूस बदलताना, झोपताना-उठताना किंवा माळ्यावरचा डबा काढायला वर पाहताना खोली फिरते आणि मिनिटाभरात थांबते, तेव्हा ती चक्कर जवळजवळ नेहमी कानातून येते. कानाच्या कुठल्या भागातून येते आणि का येते, हे गेल्या शंभर वर्षांच्या संशोधनातून नीट कळलेलं आहे. तिच्यावरचा उपाय दहा मिनिटांचा आहे, त्याला गोळी लागत नाही, यंत्र लागत नाही, एक पलंग आणि जाणकार डॉक्टर पुरतो. आणि तरी माणसं वर्षानुवर्षं पट्टे बांधून फिरतात.

आधी कानाचं काम समजून घेऊ. अंतर्कर्णात ऐकण्याच्या अवयवाला लागूनच तोल सांभाळणारा अवयव असतो. त्यात द्रवानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की द्रव हलतो आणि डोकं कोणत्या दिशेनं वळतंय हे मेंदूला कळतं. या नलिकांच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत एका मऊ पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक चिकटलेले असतात. गुरुत्वाकर्षणाची जाणीव देणं हे त्यांचं काम. वय वाढलं, डोक्याला मार बसला, कधी कुठलंही कारण न सापडता, हे स्फटिक सुटतात आणि नलिकेत शिरतात. बहुतेक वेळा मागच्या नलिकेत, कारण उभं असो वा आडवं, तीच सगळ्यांत खाली असते. मग डोकं ठराविक दिशेनं हललं की स्फटिक द्रवातून खाली घसरतात, त्यांच्यामागे द्रव सरकतो, आणि डोकं स्थिर असतानाही ते फिरतंय असा निरोप मेंदूला जातो. दुसरा कान त्याला दुजोरा देत नाही. या विसंगतीतून गरगरतं, मळमळतं, डोळे आपोआप हिसके देत हलू लागतात. स्फटिक तळाला टेकले की सगळं थांबतं, म्हणूनच झटका एका मिनिटापेक्षा जास्त टिकत नाही. डॉक्टर या आजाराला ‘बीपीपीव्ही’ म्हणतात.

आता मानेकडे येऊ. अंथरुणात तुम्ही डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर वळता तेव्हा डोकं आणि धड एकत्रच वळतं. मान धडावर फिरतच नाही, फिरतं ते सगळं शरीर, आणि त्याबरोबर कान. दुसरीकडे, खुर्चीत ताठ बसून मान डावी-उजवीकडे वळवली तर याच रुग्णाला सहसा काही होत नाही. मणक्यांचा दोष असता तर उलट घडायला हवं होतं. इतका साधा पडताळा घरच्या घरी करता येतो, पण तो न करता माणसाला थेट एक्स-रेला पाठवलं जातं.

आणि एक्स-रेत झीज दिसणारच. अमेरिकेत १९८६ साली गोर आणि सहकाऱ्यांनी मानेची कसलीही तक्रार नसलेल्या २०० लोकांचे एक्स-रे तपासले. ६० ते ६५ या वयोगटात ९५ टक्के पुरुषांच्या आणि ७० टक्के स्त्रियांच्या मानेत झिजेची किमान एक तरी खूण होती. १९९० मध्ये बोडेन यांच्या गटानं ६३ निरोगी स्वयंसेवकांचे एमआरआय काढले, तर चाळिशी उलटलेल्यांपैकी जवळजवळ ६० टक्के जणांच्या मानेतली किमान एक चकती झिजलेली निघाली. यांतल्या कुणालाही मानेचा त्रास नव्हता. साठीच्या माणसाच्या एक्स-रेत झीज सापडणं हे केस पिकलेले सापडण्यासारखंच आहे. त्यावरून चक्करेचं कारण ठरवणं हे निदान नव्हे, आणि हे एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून गेलेल्या डॉक्टरांनी तरी करू नये, अशी अपेक्षा ठेवणं फार नाही.

मानेमुळे कधीच चक्कर येत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. मान एका बाजूला पूर्ण वळवल्यावर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी दाबली जाण्याचा एक प्रकार वैद्यकात नोंदलेला आहे, पण तो अत्यंत दुर्मीळ आहे. मानदुखीबरोबर तोल गेल्यासारखं वाटण्याच्या प्रकाराबद्दल तज्ज्ञांमध्ये वाद आहे. जे तो मानतात तेसुद्धा कान आणि मेंदूची सगळी कारणं तपासून बाजूला ठेवल्यावरच त्याचं नाव घेतात. आपल्याकडे तपासणीची सुरुवातच त्या नावानं होते.

या आजाराचा इतिहास वाचला की संताप जरा वाढतोच. व्हिएन्नात घडलेल्या आणि तोलाच्या अवयवावरच्या कामासाठी १९१४ चं नोबेल मिळालेल्या रॉबर्ट बारानी यांनी १९२१ मध्येच या चक्करेचं वर्णन करून तिचं मूळ कानात असल्याचं सांगितलं होतं. १९५२ मध्ये लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी तिची चाचणी नेमकी मांडली. रुग्णाला पलंगावर बसवून डोकं ४५ अंश एका बाजूला वळवायचं आणि त्याला झटकन पाठीवर निजवून डोकं पलंगाच्या कडेखाली किंचित लोंबतं ठेवायचं. त्या बाजूचा कान दोषी असेल तर काही सेकंदांनी चक्कर सुरू होते आणि डोळ्यांची बुबुळं वरच्या दिशेनं, गोल पिळा घेत हिसके देऊ लागतात. डॉक्टरांना हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. डोळ्यांची ही हालचाल म्हणजेच निदान. पुढे १९६९ मध्ये हॅरोल्ड शुकनेक्ट यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या कानांत नलिकेतल्या कणांचा साठा दाखवला.

तरी उपाय सुचायला वेळ लागला. औषधांचा उपयोग होत नसे, म्हणून तीव्र त्रास असलेल्या काही रुग्णांच्या कानातली त्या नलिकेची नस शस्त्रक्रियेनं कापली जात असे. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातल्या जॉन एप्ली या कानाच्या सर्जनला वेगळीच कल्पना सुचली. कण नलिकेत सुटे फिरत असतील, तर डोकं ठराविक क्रमानं फिरवून ते त्याच वाटेनं बाहेर काढता येतील. जत्रेत मिळणारी काचेची डबी वाकडी-तिकडी करत आपण छर्रा बरोबर घरात नेतो, तशी ही कृती. १९८० मध्ये त्यांनी ती सहकाऱ्यांसमोर मांडली तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. शोधनिबंध छापून यायला १९९२ साल उजाडलं. त्याच वर्षी कॅनडातल्या पार्न्स आणि मॅक्क्ल्युअर यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जिवंत माणसाच्या नलिकेत तरंगते कण प्रत्यक्ष पाहिल्याचं लिहिलं, आणि एप्लींच्या तर्काला आधार मिळाला.

‘नुसतं डोकं फिरवून आजार कसा बरा होईल?’ ही शंका रास्त आहे, म्हणून पुरावा पाहू. जर्मनीत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांचे दोन गट केले. एका गटावर एप्लीची कृती दोषी कानाच्या बाजूनं केली. दुसऱ्या गटावरही तीच कृती केली, पण चांगल्या कानाच्या बाजूनं, म्हणजे कुणाला खरा उपचार मिळाला हे रुग्णाला कळण्याची सोय नव्हती. २४ तासांनी पहिल्या गटातले ३५ पैकी २८ जण बरे झालेले होते, दुसऱ्यातले ३१ पैकी ३. औषधांच्या जगातही इतका ठसठशीत फरक क्वचित दिसतो. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात ११ चाचण्या आणि ७४५ रुग्ण होते. तिथला आकडा जरा संयत आहे: नकली कृती झालेल्या किंवा एप्ली न मिळालेल्या गटांत चक्कर पूर्ण थांबलेले २१ टक्के, एप्लीनं थांबलेले ५६ टक्के. एका प्रयत्नात न जमल्यास कृती पुन्हा करता येते. एप्लीशिवाय बरे होणारे ते २१ टक्केही लक्षात ठेवा. स्फटिक कधीकधी आपोआप विरतात किंवा जागेवर जातात, आणि तोवर गळ्यात जे असेल त्याला यश मिळतं. पट्ट्याचा लौकिक त्यावरच उभा आहे.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीनं २००८ मध्ये आणि सुधारून २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की बीपीपीव्हीची लक्षणं जुळत असतील आणि दुसरी काही शंका नसेल तर स्कॅन काढू नये आणि चक्कर दाबणाऱ्या गोळ्या सरसकट देऊ नयेत. या गोळ्या स्फटिकांना जागचं हलवू शकत नाहीत. त्या मेंदूला गुंगवतात, आणि म्हाताऱ्या माणसाला गुंगी म्हणजे पडणं, पडणं म्हणजे खुब्याचं हाड. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन महिनोन्‌महिने घेतलेल्या वृद्धांना हात थरथरणं, चाल मंदावणं असा कंपवातासारखा त्रासही होऊ शकतो. दोन दिवस उलट्या आवरेनात म्हणून गोळी घेणं वेगळं आणि मेडिकलमधून पट्टीमागून पट्टी आणत राहणं वेगळं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. जर्मनीत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आयुष्यात कधीतरी हा आजार झालेल्या प्रौढांचं प्रमाण २.४ टक्के निघालं, आणि त्यांतल्या केवळ ८ टक्क्यांना परिणामकारक उपचार मिळाला होता. तिथली ही गत, तर आपल्या तालुक्याच्या गावात काय होत असेल!

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘बीपी कमी झालं, सलाईन लावा’: रक्तदाब उतरल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ती उभं राहिल्यावर येते, झोपल्या-झोपल्या कूस बदलताना खोली फिरत नाही. ‘पित्त वाढलं’: उलटी चक्करेमुळे होते, उलटीमुळे चक्कर येत नाही. ‘एप्लीनंतर दोन रात्री बसून झोपायचं’: २०१७ च्या सूचनांनुसार गरज नाही. ‘एकदा केलं की कायमचं बरं’: तसंही नाही, कॉक्रेन आढाव्यात ३६ टक्क्यांना पुन्हा त्रास झाल्याची नोंद आहे, पण कृतीही पुन्हा करता येते. ‘ड जीवनसत्त्वाचा याच्याशी काय संबंध?’: संबंध आहे. कोरियातल्या ९५७ रुग्णांच्या २०२० च्या अभ्यासात ज्यांच्या रक्तात ते कमी होतं त्यांना ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दिलं, तेव्हा त्या गटात त्रास उलटण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी घटलं. ‘बीटाहिस्टीन कानाच्या प्रत्येक चक्करेवर चालतं’: मेनिएर या वेगळ्या आजारात ते फार वापरतात, पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२१ रुग्णांच्या जर्मन चाचणीत नऊ महिन्यांनंतर ते आणि नकली गोळी यांत फरक आढळला नाही. आणि सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणाऱ्यांना कळकळीनं सांगते, ते बंद करा. अशा झटक्यानं मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

मोबाइलवर व्हिडिओ पाहून पहिलीच एप्ली घरी करू नका. दोषी कान कोणता आणि नलिका कोणती हे चाचणीशिवाय कळत नाही, आणि चुकीच्या कानावर केली तर काय होतं ते वर पाहिलंच. ज्यांची मान खरोखर आखडलेली आहे त्यांनी तसं डॉक्टरांना आधी सांगावं, त्यांच्यासाठी कृतीत बदल करता येतो.

एका बाबतीत मात्र थांबू नका. चक्कर मिनिटाभरात न थांबता तासन्‌तास चालू राहिली, बोलणं अडखळलं, एकाची दोन दृश्यं दिसू लागली, चेहरा किंवा हातपाय बधिर पडले, गिळता येईना, आधाराशिवाय उभं राहता येईना, किंवा कधी नव्हे असं डोकं दुखू लागलं, तर तो मेंदूतला पक्षाघात असू शकतो. लगेच मोठ्या रुग्णालयात जा. सुरुवातीचा एमआरआय निर्दोष आला तरी निश्चिंत होऊ नका. २००९ च्या एका अभ्यासात पहिल्या ४८ तासांतल्या स्कॅननं १२ टक्के पक्षाघात हुकवले होते, आणि डोळ्यांच्या हालचाली तपासणाऱ्या जाणकार डॉक्टरांनी ते पकडले होते.

ज्यांची चक्कर कूस बदलताना येते आणि मिनिटात जाते, त्यांनी मानेचा पट्टा विकत घेण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं आणि सरळ विचारावं: ‘डॉक्टर, डिक्स-हॉलपाइक चाचणी कराल का?’ पट्टा आधीच बांधला असेल आणि तो फक्त चक्करेसाठी दिलेला असेल, तर हाच प्रश्न तो देणाऱ्या डॉक्टरांनाही विचारा.