घाम कुणाच्या हुकमानं फुटतो?

पोलीस भरतीचं ग्राउंड. १६०० मीटरसाठी पोरं लाइनीत उभी. अजून कुणी एक पाऊलही टाकलेलं नाही, तरी छाती धडधडतेय, तोंडाला कोरड पडलीय, पोटात गोळा आलाय. पळायच्या आधीच दमलो की काय, असं वाटतं ना?

तुम्ही दमलेले नसता. तुमचं शरीर तुमच्या आधी पळायला लागलेलं असतं.

हे सगळं करते ती स्वायत्त चेतासंस्था. नावातच आलं, ती कुणाला विचारत नाही. हृदयाचे ठोके, रक्तदाब, पचन, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या, सगळा कारभार तिच्याकडे. तुम्ही लेक्चरला बसलेले असा, रील बघत असा नाहीतर झोपलेले, तिची ड्युटी चोवीस तास.

एक अ‍ॅक्सिलरेटर, एक ब्रेक

तिचे दोन मुख्य भाग आहेत. सिंपथेटिक म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. समजा, संध्याकाळी बोथा घाटात गाडी बंद पडली आणि झुडपात काहीतरी हललं. ज्ञानगंगा अभयारण्यात अस्वलं आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग विचार सुचायच्या आधीच हा भाग कामाला लागतो. पोटाकडचं रक्त पायांकडे वळवतो, लाळ आटवतो, बाहुल्या मोठ्या करतो, केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आवळतो. आता आपली मराठी आठवा: पोटात गोळा येणं, तोंडाला कोरड पडणं, डोळे विस्फारणं, अंगावर काटा येणं. आजी बायोलॉजी शिकली नव्हती, पण लक्षणं तिला पाठ होती!

पॅरासिंपथेटिक हा ब्रेक. त्याची मोठी नस म्हणजे व्हेगस. मेंदूच्या तळापासून निघून ती हृदय, फुप्फुसं, पोटापर्यंत जाते. हृदयाला मोकळं सोडलं तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. निवांत बसल्यावर ते ७०च्या आसपास राहतात, कारण व्हेगसनं ब्रेक दाबून धरलेला असतो.

गंमत अशी, की अस्वल असो, व्हायवा असो नाहीतर भरती, अ‍ॅक्सिलरेटर तोच. म्हणून ग्राउंडवरची धडधड ही भित्रेपणाची खूण नाही, तयारीची आहे.

घाटाखालचं ऊन

खरी परीक्षा उन्हाळ्यात. घाटावर बुलडाणा-चिखलीत जरा तरी बरं, पण घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे मे महिन्यात काय हाल होतात ते सांगायला नको. शरीराला आत ३७ अंशांच्या आसपासच राहायचं असतं. बाहेरची हवा त्याहून गरम झाली, की उष्णता बाहेर टाकायचा एकच रस्ता उरतो: घाम. तोही नुसता येऊन भागत नाही, वाळावा लागतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो.

अशा उन्हात तुम्ही पळता तेव्हा रक्ताची ओढाताण होते. पायांचे स्नायू म्हणतात आम्हाला द्या, कातडी म्हणते थंड करायला मला द्या. त्यात घामानं पाणी कमी झालेलं. हृदय जोर लावतं, पण एका मर्यादेपर्यंतच. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानावर भर उन्हात बसलेल्या लोकांना उष्माघात झाला, १४ जणांचा जीव गेला. तिथलं तापमान विदर्भाच्या मानानं कमीच होतं. पण किनारपट्टीच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही.

मनाच्या जोरावर?

‘चक्कर येऊ दे, मनाच्या जोरावर पळ,’ असं सांगणारे भेटतात. त्यांना एक गोष्ट सांगा. साठेक वर्षांपूर्वी वेंगर आणि बागची हे अमेरिकेतले संशोधक आणि दिल्लीच्या एम्सचे डॉ. आनंद यांनी हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्या योग्यांची तपासणी केली. १९६१मध्ये निष्कर्ष छापले. श्वास रोखून, छाती-पोटाचे स्नायू आवळून त्यांची नाडी हाताला लागेनाशी होत होती, पण ईसीजीवर हृदय चालूच होतं! आयुष्यभर साधना केलेल्यांनाही हृदयावर थेट हुकूम चालवता आला नाही. मग दोन महिने प्रॅक्टिस केलेल्या आपण उष्माघाताला ‘थांब’ म्हणून कसं चालेल?

एक खिडकी मात्र उघडी आहे, श्वासाची. तो आपोआप चालतो आणि आपल्याला हवा तसा घेताही येतो. नाडीवर बोटं ठेवून बघा: श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. म्हणजे सावकाश, लांब श्वास सोडला की ब्रेकला मदत होते. शिट्टी वाजायच्या आधी एवढं नक्की जमेल.

ग्राउंडवर जाताना

• उन्हाची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. पहाटे सुरू करा, हळूहळू वाढवा. भरदुपारी मर्दानगी दाखवू नका.

• रेस संपली की लगेच थांबू नका, चालत राहा. पिंढऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलात, तर रक्त पायांत साचतं आणि भोवळ येते.

• भोवळ आलीच तर आडवे व्हा, पाय उंच ठेवा. लाजू नका.

• सोबतचा कुणी असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, अंग तापलं, तर घाम येत असला तरी तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

भरती पुढच्या वर्षीही निघेल. शरीर ‘बस’ म्हणतंय तेव्हा त्याचं ऐका.