चाळीस मिनिटांचा पहिला वर्ग

काही वर्षांपूर्वी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका संस्थेनं मला व्याख्यानाला बोलावलं. विमानाचं तिकीट त्यांनीच काढलं होतं. आदल्या रात्री संयोजकांचा फोन आला, ‘‘सर, मागच्या जागा संपल्या होत्या. तुमचं तिकीट पुढचं काढलंय.’’

पहाटे दिंडोशीहून रिक्षा पकडली. आमच्या घरापासून विमानतळ दहा-बारा किलोमीटर. आत शिरल्यावर माझी रांग वेगळी, तपासणीनंतर बसायची जागा वेगळी, विमानात पाऊल टाकायचा मानही पहिला. आसन ऐसपैस होतं. विमान वर जाऊन स्थिरावलं, गरम रुमाल आला, चिनीमातीच्या ताटलीत नाश्ता आला आणि आमलेट अर्धं संपतंय तोवर विमान उतरू लागल्याची घोषणा झाली. आकाशात आम्ही जेमतेम चाळीस मिनिटं होतो. दिंडोशीच्या दारातून निघून संस्थेच्या दारात पोचेपर्यंत मात्र जवळजवळ चार तास गेले. पडद्यामागे बसलेली मंडळी माझ्यानंतर पाच मिनिटांत बाहेर आली आणि बॅगांच्या पट्ट्याशी आम्ही सगळे पुन्हा एकत्र उभे राहिलो.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. इतक्या छोट्या प्रवासात पुढचा वर्ग घेणारा माणूस नेमकं काय विकत घेतो? आणि त्याचे पैसे खरोखर कोण भरतं?

आधी पहिला, मग दुसरा

आपल्या देशांतर्गत विमानांतल्या पुढच्या भागाला आज ‘बिझनेस क्लास’ म्हणतात. मुंबईकर मात्र त्याला सवयीनं ‘फर्स्ट क्लास’च म्हणतो. तो शब्द त्याला लोकलनं दिलेला आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात प्रवासी नव्हतेच, टपालाच्या थैल्या होत्या. पुढे प्रवासी आले तरी बराच काळ त्यांच्यात वर्ग पाडायची गरज भासली नाही. तिकीटच इतकं महाग होतं की सगळं विमान हाच एक पहिला वर्ग होता. अटलांटिकवरच्या विमानकंपन्यांनी १९५२ मध्ये स्वस्त ‘टूरिस्ट’ वर्ग सुरू केला आणि तिथे पुढच्या जागांना खऱ्या अर्थानं ‘पहिला’ हे नाव शोभू लागलं.

आपल्याकडे हाच क्रम रुळांवर दिसतो. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे दख्खनची राणी सुरू झाली, तेव्हा तिला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. १९४९ च्या आरंभी त्यातला पहिला वर्ग बंद झाला आणि दुसऱ्यालाच ‘पहिला’ म्हणू लागले. तिसऱ्या वर्गाचे डबे या गाडीला लागले ते जून १९५५ मध्ये. म्हणजे पहिली पंचवीस वर्षं साध्या माणसाला त्या गाडीत जागा नव्हती. दोन्हीकडे उत्तम वर्ग आधी आला आणि सामान्यांसाठीचा नंतर.

भारतीय आकाशात हा ‘नंतर’ फार उशिरा आला. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर सुमारे चार दशकं देशांतर्गत विमानसेवा मुख्यतः सरकारी कंपनीच्या हाती होती. १९९३ मध्ये जेट एअरवेज सुरू झाली. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननं पडदाही काढून टाकला आणि फुकटचं जेवणही. रेल्वेच्या वरच्या वर्गानं जाणाऱ्याला विमानात बसवायचं, हा तिचा धंदा. २००६ मध्ये आलेली इंडिगो याच एकवर्गी वाटेनं देशातली सर्वांत मोठी विमानकंपनी झाली. पुढच्या आसनांचा थाट वाढवणारी किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट २०१९ मध्ये. यावरून पुढच्या आसनांचे दिवस भरले असं कुणी म्हटलं असतं, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये इंडिगोनंच दिल्ली-मुंबई मार्गावर विमानाच्या पुढच्या भागात बारा रुंद आसनं लावली. आकाशातला पडदा काढणं सोपं, तो कायमचा काढून ठेवणं अवघड, असं दिसतं.

जागेचं गणित

छोट्या अंतरावरच्या विमानात पुढचा वर्ग ठेवायचा की नाही, हे मुख्यतः जागेवर ठरतं. लहान गावांना जाणारं पंख्याचं एटीआर-७२ घ्या. सत्तर ते अठ्ठ्याहत्तर आसनं, दोन्ही बाजूंना दोन-दोनची रांग. अशा विमानात पुढच्या चार ओळी रुंद केल्या तर तिकिटं एकदम कमी होतात आणि ज्या गावाहून दिवसाला एकच विमान निघतं, तिथे तो तोटा भरून काढायला दुसरी फेरी नसते. म्हणून एटीआरमध्ये बहुधा सगळे सारखेच बसतात.

याला वेगळं उत्तर दिलं ते कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाच्या स्टार एअरनं. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीनं २०२३ मध्ये एम्ब्राएर-१७५ जातीची जेट विमानं आणली. त्यांत ७६ आसनं आहेत: १२ पुढची, ६४ मागची. पुढे एका ओळीत एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन, मागे दोन-दोन. छोट्या शहरांना जोडणाऱ्या कंपनीनं पुढचा वर्ग ठेवावा, याचं अनेकांना नवल वाटलं.

१२ आणि ६४ ही विभागणी अमेरिकेतल्या प्रादेशिक विमानांत सर्रास दिसते. तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी करार करून घेतले आहेत की, कंपनीच्या नावानं दुय्यम कंपन्या चालवतात त्या विमानांत ७६ पेक्षा जास्त आसनं नकोत. नाहीतर मोठ्या विमानांवरच्या वैमानिकांची कामं स्वस्तातल्या कंपन्यांकडे जातील. एम्ब्राएर-१७५ मध्ये दाटीनं बसवली तर ८८ आसनं मावतात. ७६ च्या वर जाता येत नाही, मग उरलेल्या जागेचं करायचं काय? पुढे बारा ऐसपैस आसनं लावायची. म्हणजे तिथल्या तासाभराच्या प्रवासातला पहिला वर्ग हा चैनीइतकाच कामगार-कराराचाही परिणाम आहे.

भारतात असा करार नाही. इथे ती बारा आसनं स्वतःच्या बळावर परवडावी लागतात. ढोबळ हिशेब करून पाहू. मागे ६४ लोक बसतात. दाटीनं ८८ बसले असते. म्हणजे चोवीस माणसांच्या जागेत पुढची बारा बसतात. पुढच्या तिकिटाला मागच्याच्या दुपटीहून कमी पैसे आले तर ती जागा तोट्यातच गेली. युरोपातल्या कंपन्यांनी हा पेच फार काटकसरीनं सोडवला आहे. छोट्या प्रवासात तिथे पुढचं आसन मागच्यासारखंच असतं. फक्त मधलं आसन रिकामं ठेवतात आणि पडदा त्या दिवसाच्या विक्रीप्रमाणे दोन ओळी पुढे-मागे सरकवतात.

मग प्रवासी कशाचे पैसे देतो? चाळीस मिनिटांत रुंद आसनाचं सुख अंगी लागत नाही. माझा स्वतःचा हिशेब असा: रांगेत पंधरा मिनिटं वाचली, उतरताना पाच. बाकी काय मिळालं तर ऐनवेळी तिकीट मिळण्याची शक्यता, ते बदलण्याची मुभा, जास्त वजनाची बॅग आणि ताटकळायला एक शांत खोली. छोट्या प्रवासातला पुढचा वर्ग बहुतांशी जमिनीवरच वापरला जातो.

खिसा कुणाचा?

ऐनवेळी तिकीट काढणं किंवा बदलणं हे सहसा स्वतःच्या पैशानं फिरणाऱ्याचं काम नसतं. केंद्र सरकारच्या प्रवासभत्त्याच्या नियमांनुसार वेतनश्रेणीच्या चौदाव्या स्तरापासून वरच्या अधिकाऱ्यांना बिझनेस क्लास मिळतो, सहाव्या ते तेराव्या स्तरांना साधा वर्ग. खासगी कंपन्यांतही पदानुसार अशीच उतरंड असते. करही वेगळा आहे. साध्या वर्गाच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी, तर त्यावरच्या वर्गांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी १८ टक्के. कामासाठी पाठवणाऱ्या कंपनीला या कराची वजावट मिळू शकते. हौसेनं आईवडिलांना पुढे बसवणाऱ्याला ती मिळत नाही. माझ्याही बाबतीत पैसे संस्थेचे होते. स्वतःच्या खिशातून ते तिकीट मी काढलं असतं का? नाही.

इथे हा विषय चैनीपुरता राहत नाही. लहान शहरांच्या विमानसेवेला तसाही दुसऱ्याचा पैसा लागतो. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेतली पहिली विमानं निघाली. त्यांत शिमला-दिल्लीबरोबर आपली नांदेड-हैदराबाद सेवाही होती. तासाभराच्या प्रवासाला ठरावीक जागांचं भाडं सुरुवातीला २,५०० रुपयांच्या आत ठेवायचं आणि कंपनीला येणारी तूट तीन वर्षं भरून द्यायची, अशी ही योजना. त्यातला मोठा वाटा मुख्य मार्गांवरच्या विमानांवर बसवलेल्या आकारणीतून येतो, काही वाटा राज्यं उचलतात. म्हणजे मुंबईहून दिल्लीला जाणारा नांदेडच्या प्रवाशाला थोडा हातभार लावतो. यात गैर काहीच नाही. एसटीसुद्धा भरल्या मार्गांच्या उत्पन्नावर आडगावची फेरी चालवत आली आहे.

प्रश्न तीन वर्षांनंतरचा आहे. ‘कॅग’च्या २०२३ च्या अहवालात योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब आहे. मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली आणि मार्च २०२३ मध्ये त्यानंतरही टिकून असलेले मार्ग होते ५४. ज्या गावानं विमानतळाचं उद्घाटन पाहिलं, फुलांनी सजवलेलं पहिलं विमान पाहिलं, त्या गावाला काही वर्षांत पुन्हा रात्रीची लक्झरीच गाठावी लागली.

या आकड्यांशेजारी ती बारा आसनं ठेवली की त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. अनुदान संपल्यावर विमान उडतं ठेवायला कुणीतरी मागच्या प्रवाशापेक्षा जास्त पैसे द्यावे लागतात. ते वेळेची किंमत मोजणाऱ्या कारखानदारानं, डॉक्टरानं, कंपनीनं दिले तर पडद्यापुढचा माणूस मागच्याचं विमान टिकवतो. पण तीच आसनं सरकारी हक्काच्या तिकिटांवर भरली, तर अनुदान थांबलेलं नसतं, ते फक्त दुसऱ्या खिडकीतून दिलं जातं. पुढच्या वर्गाला सरसकट उधळपट्टी म्हणणं मला म्हणूनच पटत नाही आणि प्रगतीची खूण म्हणणंही नाही. प्रत्येक मार्गावर विचारायला हवं की पुढे कोण बसलंय आणि पैसे कुणी दिले.

दोन रस्ते

दिंडोशीकराला हा प्रश्न रोज सकाळी पडतो, फक्त स्वस्तात. शहरात जायचे त्याला दोन रस्ते आहेत. गोरेगाव किंवा मालाड स्टेशन गाठून लोकल पकडली तर तिथे फर्स्टचा डबा आहे. सेकंडच्या कैक पट भाडं देऊन तो काय घेतो? गादी थोडी बरी, पण मुख्य म्हणजे गर्दीतून थोडी सुटका. तीही ऐन गर्दीच्या वेळी मिळेलच असं नाही. ५ मे २०२२ पासून फर्स्टच्या एकेरी तिकिटाचे दर निम्म्यावर आले, पासाचे तेवढेच राहिले. डिसेंबर २०१७ पासून तर वातानुकूलित लोकल हा आणखी वरचा थर आला. दुसरा रस्ता हायवेवरच्या मेट्रोचा. २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झालेल्या या मेट्रोला दिंडोशी स्थानक आहे, आणि तिच्यात वर्ग नाहीत. साहेब आणि शिपाई एकाच दांड्याला धरून उभे राहतात. त्याबद्दल कुणाची तक्रार मी ऐकलेली नाही. गाडी दर काही मिनिटांनी येते, हवा थंड असते, आत शिरायला मिळतं. जिथे सगळ्यांना पुरेसं मिळतं, तिथे पुढच्या डब्याची आठवण होत नाही.

व्याख्यान संपल्यावर मी संयोजकांना म्हणालो, ‘‘परतीचं तिकीट मागचंच काढा, उगाच खर्च नको.’’ ते हसले. ‘‘सर, पुढचं-मागचं सोडा. आता संध्याकाळी आपल्याला सोयीचं विमानच नाही. देवगिरीचं थ्री टिअर काढलंय.’’ रात्री वरच्या बर्थवर पाठ टेकली. खाली एक शेतकरी कुटुंब डबा सोडत होतं. त्यांनी मलाही भाकरी दिली. ती खायला चाळीस मिनिटांपेक्षा बराच जास्त वेळ होता.