वार्धक्यातील खुब्याचा अस्थिभंग

रात्री लघवीसाठी उठलेल्या वृद्धेचा पाय काळोखात उंबरठ्याला अडखळतो, किंवा न्हाणीघरातील ओल्या फरशीवरून घसरतो. पडणे किरकोळ असते, पण तिला उठता येत नाही. दुखरा पाय किंचित आखूड झालेला आणि पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेले दिसते. खुब्याजवळ मांडीचे हाड मोडल्याची ही लक्षणे होत. तरुण माणसाचे हे हाड मोडण्यास मोटारीच्या अपघातासारखा जबर आघात लागतो. वृद्धापकाळी हाडे विरळ व ठिसूळ झालेली असतात. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये ही झीज अधिक वेगाने होते. त्यामुळे उभ्या उंचीवरून पडणेही पुरेसे ठरते.

या वयात शस्त्रक्रिया झेपेल काय, हा घरच्या माणसांचा पहिला प्रश्न असतो. तो स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या जोडीला दुसराही प्रश्न विचारला पाहिजे : शस्त्रक्रिया न केल्यास अंथरुणावरचे दोन-तीन महिने झेपतील काय? पूर्वी पायाला वजन टांगून रुग्णाला उताणे निजवून ठेवीत. हाड सांधण्याची वाट पाहता पाहता पाठीवर व टाचांवर शय्याव्रण पडत, छातीत कफ साठून न्यूमोनिया होई, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या धरत, स्नायू गळून जात. अनेकदा रुग्णाचा बळी घेई ते मोडलेले हाड नव्हे, तर अंथरूण.

शस्त्रक्रिया कोणती करावी, हे हाड कोठे मोडले यावर अवलंबून असते. मांडीच्या हाडाचे गोल डोके कटीच्या हाडातील खोबणीत बसलेले असते. डोके व दांडा यांना जोडणारा अरुंद भाग म्हणजे हाडाची मान. डोक्याला रक्त पुरविणाऱ्या बहुतेक वाहिन्या या मानेला लगटून वर जातात. सांध्याभोवतीच्या कोशाच्या आत मान मोडून तुकडे सरकले, तर त्या वाहिन्याही तुटण्याचा संभव असतो. मग हाड जुळत नाही, किंवा रक्तावाचून डोके मरते. कोशाच्या आतील व बाहेरील अस्थिभंगांतील हा भेद लंडनचे शल्यचिकित्सक अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२२ च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट केला. उपाय मात्र शंभर वर्षांनी सापडला.

बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी तीन पाती असलेला पोलादी खिळा मानेतून डोक्यात ठोकण्याची पद्धत १९३१ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेतीलच ऑस्टिन मूर व हॅरल्ड बोलमन यांनी १९४० मध्ये हाडात गाठ झालेल्या एका रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा वरचा भाग काढून तेथे धातूचा भाग बसविला. पुढे मूर यांनी तयार केलेले धातूचे डोके मोडलेल्या मानेसाठी जगभर वापरले गेले.

आजच्या पद्धती याच दोन वाटांनी जातात. मान मोडूनही तुकडे जागच्या जागी असतील, तर स्क्रू पुरतात. तुकडे सरकले असतील, तर वृद्धांत डोके बदलणे श्रेयस्कर ठरते. रुग्ण पूर्वी चांगला हिंडता-फिरता असल्यास खोबणीही बदलतात. कोशाबाहेर रक्तपुरवठा विपुल असल्याने हाड सांधते; तेथे पट्टी व सरकता स्क्रू, अथवा हाडाच्या पोकळीत घातलेला दांडा, यांनी ते धरून ठेवावे लागते.

शस्त्रक्रिया साधारणतः एक-दोन दिवसांत व्हावी. भारतासह १७ देशांतील २,९७० रुग्णांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निदानानंतर सुमारे सहा तासांत शस्त्रक्रिया केल्याने चोवीस तासांच्या तुलनेत मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. पण रुग्णांना भ्रम कमी झाला व ते लवकर उभे राहिले. मधुमेह वा रक्तदाब आहे, एवढ्यावरून शस्त्रक्रिया लांबवू नये. ते आटोक्यात आणण्याचे काम त्याच अवधीत करावे.

शस्त्रक्रियेनेही धोका संपत नाही. अशा रुग्णांपैकी साधारण चार-पाचांतील एक जण वर्षभरात दगावतो, कारण हृदय, फुफ्फुसे व पोषण आधीच क्षीण असते. म्हणूनच इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे अस्थिशल्यचिकित्सक डेव्हस व वृद्धरोगतज्ज्ञ अर्व्हिन यांनी रुग्णांवर एकत्र उपचार करण्याची प्रथा पाडली. ती आता अनेक देशांनी स्वीकारली आहे.

दुसऱ्या दिवशी आधाराने उभे करणे हा उपचाराचाच भाग होय. भारतीय घरांत आणखी एक काळजी लागते. सांधा बदलल्यावर, निदान आरंभीचे काही महिने, उकिडवे बसणे व मांडी घालणे टाळावे लागते, नाहीतर नवे डोके निखळू शकते. त्यासाठी कमोड, उंच खुर्ची आणि भिंतीला धरावयाचा दांडा यांची सोय रुग्ण घरी येण्यापूर्वीच झालेली असावी. हाडांच्या ठिसूळपणावरील औषधही तेव्हाच सुरू व्हावे. कारण एकदा खुबा मोडलेल्या माणसाचा दुसरा खुबाही धोक्यात असतो.