कागदालाही दिशा असते

वर्धा जिल्ह्यातल्या केळझरच्या सिद्धिविनायकापुढे लग्नाची पहिली पत्रिका ठेवावी आणि घडीवरचा रंग उडून पांढरी रेघ दिसावी, की मन खट्टू होतं. ‘कागदच हलका’ म्हणून आपण मोकळे होतो. पण अनेकदा चुकलेली असते ती तंतूंची दिशा, छापखान्याच्या भाषेत ‘ग्रेन’.

गैरसमज : कागद सगळीकडून सारखाच.
वस्तुस्थिती : गिरणीत पातळ लगदा धावत्या जाळीवर पडतो आणि बरेचसे तंतू जाळीच्या धावेला समांतर होतात. वर्तमानपत्र वरून खाली फाडून पाहा, बऱ्यापैकी सरळ फाटतं. आडवं फाडलं की वाकडंतिकडं जातं.

गैरसमज : जाड, महाग कागदाची घडी तडकत नाही.
वस्तुस्थिती : कागद जितका जाड, तितका ग्रेनचा प्रश्न मोठा. ग्रेनला समांतर घडी स्वच्छ बसते. आडवी घातली तर तंतूच मोडतात. आडवी घालणं भागच असेल, तर आधी क्रीज, म्हणजे दाबून उमटवलेली रेघ, मारून घ्यावी.

गैरसमज : पावसाळ्यात वही-पुस्तकं वाकडी होणारच.
वस्तुस्थिती : ओल लागली की तंतू लांबीत जेमतेम वाढतो, जाडीत कितीतरी पट जास्त. म्हणून कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने पसरतो. पुस्तकाचा ग्रेन पाठीला समांतर असेल, तर पानं मोकळेपणी पसरतात आणि पुस्तक सहज उघडं राहतं. तो आडवा असेल, तर शिवणीत जखडलेली पानं लाटांसारखी फुगतात.

गैरसमज : ग्रेन नेहमी लांब बाजूनेच असतो.
वस्तुस्थिती : लांब बाजूने ग्रेन असलेला ए-थ्री कागद मधोमध कापला, की मिळणाऱ्या ए-फोरमध्ये तोच ग्रेन आखूड बाजूने येतो. खात्रीसाठी छोटा चौकोन कापून त्यावर मूळ कागदाच्या उभ्या बाजूची पेन्सिलीने खूण करा आणि तो एका अंगाने ओला करा. त्याची सुरळी वळते. सुरळीची लांबी ती ग्रेनची दिशा.

गैरसमज : हातकागदालाही असाच ग्रेन असतो.
वस्तुस्थिती : केळझरहून वर्ध्याला गेलात की मगनवाडी लागते. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं हे घर. हातकागदाचं कामही इथं झालं. हातकागद करताना साचा लगद्यातून उचलून मागे-पुढे आणि डावी-उजवीकडे हलवतात. तंतू एकमेकांत गुंततात, म्हणून त्यात ग्रेन जवळजवळ नसतोच.

तेव्हा पत्रिका छापायला टाकताना रंग, सोनेरी अक्षरं यांच्याबरोबर एवढंही विचारा : घडी ग्रेनला समांतर आहे ना? कागद कापण्याआधी विचारलेल्या या प्रश्नाला पैसे पडत नाहीत.