महाबळेश्वरचा पाऊस आणि समुद्राच्या पोटातले पाणी

कृष्णा आणि कोयना महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात, आणि तेथे किती पाऊस पडतो यावर सातारा-सांगलीचे सुखदुःख ठरते. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापुराने सांगलीला त्याचा दाहक प्रत्यय दिला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2012 मध्ये महाबळेश्वरी ढगांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली, हे योग्यच झाले. परंतु त्या ढगांतील बाष्पाचा हिशेब घाटमाथ्यावर पुरा होत नाही. तो अरबी समुद्रापलीकडे, सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यांपर्यंत जातो.

मोसमी वारे त्या किनाऱ्यांना समांतर वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागाचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे भर समुद्राकडे लोटले जाते आणि त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते. समुद्र थंडावला की बाष्पीभवन घटते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखविले की, हे वर येणे मंदावले तर पश्चिम घाटाकडे येणारे बाष्प वाढते आणि पाऊस जोर धरतो. अर्थात पावसाचे हे एकमेव कारण नव्हे; पण उपेक्षणीयही नव्हे.

अडचण मोजमापाची आहे. आडवा प्रवाह सेकंदाला मीटरभर धावतो. वर येणारे पाणी मात्र दिवसाकाठी मीटर-दोन मीटर चढते. लाटांवर हेलकावणाऱ्या यंत्राला ही गती पकडणे जवळजवळ अशक्य. म्हणून ती अनुमानानेच काढावी लागते. स्वीडनचे एकमान यांनी 1905 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार वाऱ्याच्या जोरावरून किती पाणी बाजूला सरले हे कळते. जितके सरले तितके खालून आले पाहिजे, हा साधा जमाखर्च. त्याचा ताळा तापमानाच्या नोंदींशी घ्यावा लागतो. उपग्रह वारा टिपतात. दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीवरून वर येणारे आर्गो तरंगक तापमान व क्षारता कळवितात.

अनुमानाची भिस्त नोंदींच्या सातत्यावर असते. एका वर्षाची खंडित नोंद पुढे कितीही पैसा ओतला तरी भरून निघत नाही. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हैदराबादचे महासागर माहिती केंद्र यांच्या निरीक्षणांवरील खर्च म्हणूनच केवळ किनारपट्टीचा प्रश्न मानता येणार नाही. धरणात पाणी कधी साठवावे आणि कधी सोडावे, हा निर्णय घेणाऱ्यांचेही हित त्यात गुंतलेले आहे. महाबळेश्वरचा पर्जन्यमापक पडलेला पाऊस सांगतो. येणाऱ्या पावसाची चाहूल घ्यायची, तर समुद्राच्या पोटात डोकावण्यावाचून गत्यंतर नाही.