चाळीस मिनिटांची कारकीर्द

ठाण्यातील बाळकुम येथे मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर आहे. त्याच्या आजूबाजूला गेल्या काही वर्षांत टोलेजंग गृहसंकुले उभी राहिली आणि त्यांच्या जाहिरातींत तरणतलावाच्या शेजारी बास्केटबॉल कोर्टाचे चित्र हमखास असते. या खेळाला जागा फार लागत नाही. 28 मीटर लांब, 15 मीटर रुंद एवढी फरशी आणि 3.05 मीटर उंचीवर दोन रिंगा मिळाल्या की काम भागते. क्रिकेटच्या मैदानापुढे हा चौकोन किरकोळच. तेव्हा ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या महाविद्यालयांतून मुलींचे बास्केटबॉल का वर येत नाही, या प्रश्नाला ‘मैदाने उरली नाहीत’ हे उत्तर पुरत नाही. ‘जीव तोडून शिकवणारे लोक आता राहिले नाहीत’ हे दुसरे उत्तर तर अन्यायाचे आहे. माझे म्हणणे असे की, प्रशिक्षकाची कारकीर्द तीन गोष्टींतून घडते: टिकणारे पद, हंगामभर पुरतील एवढे सामने आणि संघाच्या निकालाची जबाबदारी. आपल्या महाविद्यालयीन व्यवस्थेत या तिन्ही गोष्टी नाहीत. त्यामुळे बाळकुमच्या मुलीला चांगली खेळाडू होण्याची वाट अवघड असली तरी आहे. महिला संघाची मुख्य प्रशिक्षक होण्याची वाट मात्र कागदावरही आखलेली नाही.

अशी वाट आखली की काय होते, याचा सर्वांत ठळक दाखला अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट यांचा. 1974 साली, वयाच्या 22व्या वर्षी त्यांच्याकडे महिला संघाची सूत्रे आली. महिन्याला 250 डॉलर मिळत. संघाची गाडी त्या स्वतः चालवत, खेळाडूंचे गणवेश स्वतः धूत. पहिला सामना मर्सर विद्यापीठाविरुद्ध एका गुणाने हरल्या, तोही पन्नासेक प्रेक्षकांपुढे. त्या 38 हंगाम त्याच खुर्चीवर राहिल्या आणि निवृत्त झाल्या तेव्हा खात्यावर 1,098 विजय आणि 8 राष्ट्रीय अजिंक्यपदे होती. मधल्या काळात 1976 च्या ऑलिंपिकमध्ये खेळाडू म्हणून रौप्य, 1984 मध्ये अमेरिकेच्या प्रशिक्षक म्हणून सुवर्ण. पण माझ्या दृष्टीने या आकड्यांपेक्षा बोलकी गोष्ट वेगळी आहे. पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांना 1987 साली मिळाले, म्हणजे तेराव्या हंगामात. बारा हंगाम अजिंक्यपद न जिंकणाऱ्या बाईंना विद्यापीठाने पदावर ठेवले, कारण त्या दरवर्षी किती पुढे सरकत आहेत हे मोजण्याची सोय होती: ठरलेले वेळापत्रक, ठरलेले प्रतिस्पर्धी, चार-चार वर्षे हाताशी असलेल्या मुली. टेनेसीत आपली खेळण्याची मुदत पूर्ण करणारी त्यांची प्रत्येक खेळाडू पदवीधर झाली, ही नोंदही त्याच सातत्याची.

आता आपल्याकडचे पद पाहू. अनुदानित महाविद्यालयांच्या आकृतिबंधात ‘शारीरिक शिक्षण संचालक’ असतो. मुलांच्या तोंडी तो ‘जिमखाना सर’ किंवा ‘स्पोर्ट्स मॅडम’. हे पद कमी पगाराचे आहे असे मात्र नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेणीत त्याची सुरुवात सहायक प्राध्यापकाच्याच पायरीवर, 57,700 रुपये मूळ वेतनाने होते. अडचण कामाच्या व्याख्येत आहे. आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत या पदासाठी शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी लागते, स्पर्धांतील सहभागाची नोंद लागते आणि शारीरिक क्षमतेची चाचणीही असते: तिशीपर्यंतच्या पुरुषाने 12 मिनिटांत 1,800 मीटर, स्त्रीने 8 मिनिटांत 1,000 मीटर अंतर कापायचे. उमेदवाराचे पाय तपासले जातात. तिने आजवर कोणाला खेळायला शिकवले, हे विचारले जात नाही. पदोन्नतीच्या निकषांतही महाविद्यालयांतर्गत स्पर्धा भरवणे, बाहेरच्या स्पर्धांत संघ पाठवणे, मैदानांची देखभाल, किमान एका विद्यार्थ्याचा वरच्या पातळीवर सहभाग, कार्यशाळा, शोधनिबंध असे रकाने आहेत. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर प्रशिक्षणाचे निमंत्रण आले तर त्याचीही दखल घेतली जाते. स्वतःच्या महाविद्यालयातला एक संघ सलग चार वर्षे घडवला, यासाठी वेगळा रकाना नाही. मग हुशार माणूस काय करील? तो उत्तम संयोजक होईल, कारण व्यवस्था त्याला संयोजक म्हणूनच मोजते. बुद्धिबळापासून कुस्तीपर्यंत सगळ्या खेळांचे अर्ज, ओळखपत्रे, टी-शर्ट आणि प्रवासभत्ते एकाच माणसाच्या टेबलावर असतात. बास्केटबॉलसाठी बाहेरून कोणी बोलावलेच, तर स्पर्धेपूर्वीच्या काही दिवसांपुरते, मानधनावर.

आणि स्पर्धा तरी कशी? विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मुख्यतः बाद पद्धतीच्या. बाद पद्धतीचा हिशेब कोणालाही बोटांवर करता येईल. सोळा संघ उतरले तर पंधरा सामन्यांत निकाल लागतो आणि त्यातले आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. बास्केटबॉलचा सामना चाळीस मिनिटांचा. म्हणजे निम्म्या प्रशिक्षकांचे वर्षभराचे काम चाळीस मिनिटांवर तोलले जाते, आणि सोडतीत पहिल्याच फेरीत बलाढ्य संघ पुढ्यात आला तर तेवढाही तोल राहत नाही. अमेरिकेच्या वरच्या श्रेणीत महिला संघ एका हंगामात साधारण तीस सामने खेळतो. ती प्रशिक्षक डिसेंबरमध्ये हरलेल्या डावपेचाची दुरुस्ती जानेवारीत करून पाहू शकते. आपल्याकडे दुरुस्तीला पुढचे वर्ष उजाडावे लागते, तोवर निम्म्या मुली पदवी घेऊन गेलेल्या असतात. चुकायला जागाच नसेल तर शिकायला कुठून असणार? खेळाडू निदान क्लबात, जिल्हा संघात किंवा सोसायटीच्या कोर्टावर खेळून घेते. प्रशिक्षकाला सामन्याशिवाय सराव नाही. कोणाला कधी बसवायचे, टाइमआउट केव्हा घ्यायचा, पाच फाऊलच्या उंबरठ्यावरच्या मुलीला किती वेळ ठेवायचे, हे पुस्तकातून येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, अमेरिकेचे महाविद्यालयीन खेळ हा बाजार आहे, तो इथे कशाला आणायचा? आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याची एक बाजू स्त्रियांच्या दृष्टीने फार बोचरी आहे. 1972 साली शिक्षणातील लिंगभेदाला बंदी करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा अमेरिकेत झाला, तेव्हा महाविद्यालयांतील महिला संघांच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक स्त्रिया होत्या. कायद्यामुळे पैसा आला, पैशामागून प्रतिष्ठा आली, मग पुरुष अर्जदार आले आणि पुढच्या चार दशकांत स्त्रियांचे प्रमाण निम्म्याखाली घसरले. कनेक्टिकट विद्यापीठाचे जीनो ऑरिएमा हे 1985 पासून त्याच संघाचे प्रशिक्षक. 2025 साली त्यांनी बारावे अजिंक्यपद जिंकले, समिट यांच्याहून चार जास्त. ऑरिएमा यांची गुणवत्ता वादातीत आहे. पण केवळ पद निर्माण केले की ते आपोआप स्त्रीकडे जाईल, हा भ्रम त्यांच्याच उदाहरणाने फिटतो. तरीही बाजाराचा आक्षेप माझ्या मुद्द्याला लागू पडत नाही. समिट यांनी सुरुवात केली तेव्हा बाजार नव्हताच. पद होते, वेळापत्रक होते, आणि वर्षभर एकाच संघाकडे पाहण्याची मुभा होती. 250 डॉलरचा तो काळ आपल्याला परवडणारा आहे. नंतरचे कोट्यवधींचे करार सोडून देऊ.

दुसरा आक्षेप आपल्या अंगवळणी पडलेला आहे: खरी तळमळ असेल तर व्यवस्था आडवी येत नाही. नाशिकच्या शैलजा जैन यांचे नाव यासाठी घेतले जाते. खेळ वेगळा, कबड्डीचा. पण प्रशिक्षक म्हणून मराठी स्त्रीच्या कारकिर्दीचे याहून जवळचे उदाहरण मला दिसत नाही. 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या इराणी मुलींनी अंतिम सामन्यात भारताला 27-24 असे हरवले. 2010 आणि 2014 चे सुवर्ण भारताकडे होते आणि 2014 च्या अंतिम सामन्यात हरलेला संघ इराणचाच होता. आता हे तळमळीचे उदाहरण मानायचे की व्यवस्थेचे? तळमळ तर नाशिकमध्ये वर्षानुवर्षे मुलींना शिकवतानाही होती. इराणने त्यात भर घातली ती अधिकाराची आणि जवळजवळ दीड वर्षाच्या सलग मुदतीची. एकच संघ, एकच लक्ष्य, आणि निकालाचे श्रेय-अपश्रेय थेट त्यांच्या नावावर. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांचे आपण कौतुक भरपूर करतो. त्या कौतुकाने भाकरीचा शिधा मात्र वाढत नाही. बास्केटबॉलमधले उदाहरण हवे असेल तर विदर्भाच्या शेजारच्या भिलाईकडे पाहावे. तिथे राजेश पटेल यांनी पोलाद कारखान्याच्या आश्रयाने मुलींना वर्षानुवर्षे एका छताखाली ठेवून शिकवले आणि छत्तीसगडसारख्या नव्या राज्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धांत दबदबा राखून राहिला. तळमळ त्यांच्याकडेही होतीच, पण पाठीशी कारखानाही होता.

वर जायची वाट नसली की वरचे लोक बाहेरून आणावे लागतात. 2011 मध्ये भारतीय महिला संघाची जबाबदारी टामिका रेमंड यांच्याकडे होती. त्या ऑरिएमांच्याच हाताखाली कनेक्टिकटमध्ये खेळलेल्या. पुढे स्पेनचे फ्रान्सिस्को गार्सिया आले, मग सर्बियाचे झोरान व्हिसिच, ज्यांच्या काळात 2017 साली बंगळुरूत भारताने कझाकस्तानला 75-73 असे हरवून आशिया चषकाच्या ब गटाचे अजिंक्यपद मिळवले. परदेशी प्रशिक्षक आणण्यात काही गैर नाही. पण रेमंड यांना ज्या शाळेने घडवले, ती आपल्या एकाही विद्यापीठात नाही, हे त्या नेमणुकीतून आपण वाचलेच नाही. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था 1961 पासून प्रशिक्षक तयार करते आहे. तिथली पदविका घेऊन ठाण्यात परतलेल्या मुलीपुढे मात्र शाळेतली नोकरी, खासगी अकादमी किंवा अकरा महिन्यांचा करार एवढेच उरते. उत्तम खेळाडूंना रेल्वे सामावून घेते, राज्य सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के क्रीडा आरक्षण आहे. या सोयी खेळाडूसाठी आहेत, आणि त्या मिळाल्यावर ती तिकीट तपासनीस किंवा लिपिक होते. तिच्या डोक्यातला खेळ तिच्याबरोबर निवृत्त होतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: आगरी-कोळी वस्तीच्या या पट्ट्यात कबड्डी रुजलेली असताना बास्केटबॉलच का? याला माझे उत्तर असे की, भांडण खेळाशी नाहीच. हाच युक्तिवाद मुलींच्या कबड्डी संघाला आणि खो-खोलाही जसाच्या तसा लागू आहे, आणि तिथे पहिली नेमणूक झाली तर उत्तमच. बास्केटबॉलची बाजू एवढीच की उंच इमारतींच्या दाटीतही त्याचे कोर्ट मावते आणि पाच खेळाडूंचा संघ लहान महाविद्यालयही उभारू शकते. वेळही अनुकूल आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीचा पर्याय आणला आणि खेळाला सहअभ्यासक्रमात श्रेयांक दिले. म्हणजे प्रशिक्षकाला मुलगी एक वर्ष जास्त मिळू शकते. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या आठ महाविद्यालयांनी एकमेकांशी घरी एकदा आणि परक्या कोर्टावर एकदा खेळायचे ठरवले, तर प्रत्येक संघाला चौदा सामने मिळतात, तेही लोकलच्या तिकिटात. आठ पदे आठ महाविद्यालयांनी भरण्याची गरज नाही. विद्यापीठाच्या ठाणे आणि कल्याण उपपरिसरांनी प्रत्येकी एक पूर्णवेळ महिला प्रशिक्षक नेमावी, तिच्याकडे चार-चार संघांची तांत्रिक जबाबदारी द्यावी, आणि करार अकरा महिन्यांचा न करता पदवीच्या मुदतीइतका करावा. विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी क्रीडा शुल्क भरतातच. त्यातला वाटा टी-शर्टांवर किती आणि शिकवणाऱ्या माणसावर किती, हे ठरवायला नवा कायदा लागत नाही, विद्यापीठाच्या अर्थसंकल्पातली एक ओळ लागते.