पदवीधर मुलगा शेतात उतरताना



खरीप तोंडावर आला की अनेक घरांत एक वाद ठरलेला असतो. कृषी पदवी घेऊन आलेला मुलगा म्हणतो, "उगवण तपासल्याशिवाय पेरायचं नाही." वडील म्हणतात, "चाळीस वर्षं पेरतोय, आता तू शिकवणार?" दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते. नुकसान मात्र शेताचे होते.

चार वर्षांत मुलगा माती परीक्षणाचा अहवाल वाचायला, खतमात्रा काढायला, कीड-रोग ओळखायला शिकतो. चौथ्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमात तो गावात राहून शेतकऱ्यांबरोबर कामही करतो. परंतु पेरणीपासून विक्रीपर्यंतचा पूर्ण हंगाम स्वतःच्या जबाबदारीवर त्याने बहुधा पाहिलेला नसतो.

माझेच उदाहरण देतो. पदव्युत्तर शिक्षण घेऊन घरी आलो आणि पाऊस उघडताच दुसऱ्या दिवशी घाईने काळ्या रानात पाभर घातली. फणांना चिखल धरला, नळे तुंबले, बी कोठे दाट पडले तर कोठे पडलेच नाही. वडिलांनी मुठीत माती दाबून गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. तो फुटला नाही. "वाफसा नाही," एवढेच ते म्हणाले. वाफशाची व्याख्या मी परीक्षेत लिहिली होती, रानात मात्र तो ओळखता आला नाही. पुढच्या वर्षी त्याच वडिलांनी माझ्या आग्रहाने घरचे सोयाबीन तपासले. 100 पैकी 58 दाणे उगवले. ते बियाणे आम्ही बदलले आणि दुबार पेरणी टळली.

म्हणून पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

1. एक एकर क्षेत्र एका हंगामासाठी मुलाकडे सोपवावे. बियाणे, खते, मजूर, विक्री हे सर्व त्यानेच पाहावे. चूक झाल्यास रागावण्याऐवजी कारण विचारावे.

2. उगवणक्षमता दोघांनी मिळून तपासावी. ओल्या गोणपाटावर 100 दाणे ओळीत मांडून गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवून ओलावा टिकवावा व आठवड्याने निरोगी कोंब मोजावेत. सोयाबीनचे 70 किंवा अधिक दाणे उगवल्यास बियाणे पेरणीयोग्य समजावे.

3. पेरणीचा दिवस वडिलांनी ठरवावा. 75 ते 100 मि.मी. पाऊस झाल्याची नोंद मुलाने ठेवावी, वाफसा वडिलांनी पाहावा.

4. खर्च व उत्पन्नाची वही मुलाने लिहावी आणि हंगामाअखेर ती घरात सर्वांसमोर वाचावी.

तरुण मित्रांनो, पुढे नोकरी करायची असली तरी हा हंगाम वाया जात नाही. बियाणे कंपनी असो वा बँक, तुमच्यासमोर शेवटी शेतकरीच बसणार आहे. ज्याने स्वतःच्या एकराचा तोटा वहीत लिहिला आहे, त्याला त्या शेतकऱ्याची अडचण सांगावी लागत नाही.

येत्या खरिपात बांधावर वाद होऊ द्या, पण पेरणीआधी. आणि वाद मिटवायला मूठभर माती व 100 दाणे जवळ ठेवा.